पंपाच्या जुन्या बंदुकीची किंमत आणि भरवसा नुसत्या वयावर ठरत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बार्शी, माढा, अक्कलकोट, मंगळवेढा या भागांतल्या जुन्या वाड्यांत आजोबा-पणजोबांच्या नावावरच्या बंदुका अजून आहेत. बहुतेक दुनळी, काही ठासणीच्या आणि मोजक्या पंपाच्या, म्हणजे नळीखालची लाकडी मूठ मागे-पुढे ओढून काडतूस भरायच्या. या पंपाच्या बंदुकांबद्दल दोन समज पक्के झालेले दिसतात. पहिला असा की, शंभर वर्षे झाली की बंदूक पुरातन वस्तू ठरते, मग परवाना लागत नाही आणि ती लाखांनी विकली जाते. दुसरा असा की, जुने लोखंड दणकट, त्यात आजचे कुठलेही बारा बोरचे काडतूस घातले तरी चालते. पहिल्या समजापायी वारसांवर गुन्हा दाखल होऊ शकतो, दुसऱ्यापायी हात किंवा डोळा जाऊ शकतो.

परवान्याचे आधी सांगतो, कारण ते थोडक्यात आटपते. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या शस्त्रांना सूट आहे हे खरे, पण लोक त्यातला अर्धाच भाग सांगतात. शस्त्र कालबाह्य बनावटीचे, पुरातन मोलाचे किंवा मोडके असले पाहिजे आणि शिवाय ते दुरुस्त करून किंवा न करता अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्यासारखे नसले पाहिजे. वर्षांचा आकडा या कलमात कुठेच नाही. अमेरिकेत १८९८ पर्यंत बनलेल्या बंदुकांना केंद्रीय कायद्यात वेगळी वागणूक मिळते. तिथली माहिती इंटरनेटवर वाचून ती सोलापूरला लावली जाते आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. पंपाची बंदूक गंजून अडकलेली असली, तिची स्प्रिंग तुटलेली असली, तरी चांगला कारागीर ती चालू करू शकतो. म्हणजे ती परवान्याचीच बंदूक राहते.

आता किमतीकडे वळतो. पंपाच्या ज्या बंदुकांना ‘जुनी’ म्हणावे त्यांत विंचेस्टर कंपनीची १८९७ ची बंदूक सर्वांत ओळखीची. जॉन ब्राउनिंगने बेतलेली, घोडा (चाप ओढल्यावर आदळून काडतूस पेटवणारा भाग) बाहेर दिसणारी, १९५७ पर्यंत बनत राहिलेली आणि एकूण दहा लाखांहून जास्त बनलेली. तिच्याआधी त्याच कंपनीची १८९३ ची बंदूक होती. ती काळ्या दारूच्या काडतुसांसाठी होती, धूररहित दारूचा दाब तिला झेपेना, म्हणून कंपनीने गिऱ्हाइकांना ती परत करून १८९७ ची घेण्याची सवलत दिली. त्यामुळे १८९३ ची बंदूक आज दुर्मीळ आहे, संग्राहक तिला मान देतात, पण ती झाडायची बंदूक नाही. दुर्मीळपणा आणि उपयोग इथे उलट दिशांना जातात, हे विकत घेणाऱ्याने आधी ओळखावे. नंतर १९१२ मध्ये विंचेस्टरचे मॉडेल १२ आले, घोडा आत झाकलेले. इथाका कंपनीची ३७ क्रमांकाची बंदूक १९३७ ची. तिचे रिकामे काडतूस बाजूला न पडता खालून पडते. रेमिंग्टनची ८७० ही १९५० ची, ती पुरातनात मोडत नाही.

१८९७ च्या दहा लाखांपैकी एखादी घरात असली म्हणून कोणाला घबाड सापडत नाही. अमेरिकेत जिला खरी किंमत येते ती पहिल्या महायुद्धातली खंदकाची बंदूक. २० इंची नळी, नळीवर भोकांचे पत्र्याचे कवच आणि संगीन बसवायची सोय. खंदकांत ती इतकी परिणामकारक ठरली की सप्टेंबर १९१८ मध्ये जर्मनीने तिच्या वापराबद्दल अधिकृत निषेध नोंदवला. तिच्या नकला मात्र भरपूर आहेत, कारण साध्या बंदुकीला कवच जोडून तसे रूप देता येते. तिकडचा भाव पाहून इकडे हिशेब करू नये याला दुसरे कारणही आहे. पुरावशेष व कलाकृती अधिनियम १९७२ प्रमाणे ऐतिहासिक मोलाची, १०० वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. भारतात गिऱ्हाईक फक्त परवानाधारक, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात. वारशाने आलेले शस्त्रही या दोनांतच मोजले जाते. त्यामुळे गिऱ्हाइके कमी झाली. दुसऱ्या बाजूला १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसासाठी परदेशी बंदुकांची आयात जवळजवळ बंद आहे, म्हणून चांगल्या अवस्थेतल्या विलायती बंदुकीला मागणी टिकून आहे. या दोहोंच्या ओढाताणीत भाव ठरतो. नेमका आकडा मी मुद्दाम देत नाही, कारण तो त्या-त्या बंदुकीच्या अवस्थेवर आणि कागदांवर इतका बदलतो की छापील आकडा दिशाभूलच करेल.

अवस्था म्हणजे काय पाहायचे? सर्वांत आधी क्रमांक. १८९७ च्या खोलता येणाऱ्या बंदुकीत नळीचा भाग वेगळा होतो. क्रमांक रिसीव्हरच्या (यंत्रणा सामावणाऱ्या मधल्या धातूच्या भागाच्या) पुढच्या बाजूखाली असतो आणि नळीच्या बाजूच्या जोडावरही असतो. दोन्ही एकच असायला हवेत. वेगळे असतील तर नळी दुसऱ्या बंदुकीची आहे, किंमत उतरते आणि जोड नीट बसतो की नाही ही शंकाही उभी राहते. हाच क्रमांक परवान्याच्या पुस्तकात अक्षर न अक्षर तसाच असला पाहिजे. जुन्या कारकुनी नोंदींत ३ चा ८ झालेला किंवा क्रमांकासोबतचे इंग्रजी अक्षर गाळलेले आढळते. विकायच्या वेळी हीच चूक महिनोन्‌महिने अडवते, म्हणून आधीच अर्ज करून दुरुस्त करून घ्यावी.

दुसरे, नळीची लांबी. १२ बोरच्या १८९७ ला सहसा ३० इंची नळी, १६ बोरला २८ इंची, आणि आखूड नमुन्याला २० इंची. २५ इंच अशी विचित्र लांबी भरली, तोंडाची कड किंचित तिरकी असली किंवा नेम धरायचा पुढचा मणी कडेच्या फारच जवळ असला, तर कोणीतरी कधी काळी नळी कापली आहे. कापल्यावर चोक जातो. चोक म्हणजे तोंडाशी नळी किंचित आवळलेली असते ती जागा. १२ बोरच्या फुल चोकमध्ये हा आवळ जेमतेम एक मिलिमीटर असतो आणि तो नळीच्या शेवटच्या काही इंचांतच असतो, म्हणून दोन इंच कापले तरी छर्रा पसरतो. २० इंचांपेक्षा आखूड नळी तर कायद्यानेच वेगळ्या, निर्बंधित वर्गात जाते.

तिसरे, मूळ निळसर-काळा रंग. हा मुद्दा कळकळीने मांडतो, कारण इथेच सर्वांत जास्त नुकसान आपल्याच हातांनी होते. दसऱ्याआधी बंदूक ‘चकाचक’ करायची म्हणून पॉलिश पेपरने घासतात, निकेल किंवा क्रोमचा मुलामा देणाऱ्याकडे नेतात, दस्त्याला वॉर्निश मारतात. घासण्याने नळीवरची छाप आणि अक्षरे पुसट होतात, कडा गोल होतात, आणि शंभर वर्षे टिकलेले मोल एका दुपारी संपते. मुलाम्याआधी धातू आम्लात बुडवतात ते वेगळेच. डागाळलेला पण मूळ रंग हा नव्या चकाकीपेक्षा कधीही मोलाचा. पृष्ठभागावरचा तांबूस गंज काढायचा तर पातळ तेलात भिजवलेल्या तांब्याच्या जुन्या नाण्याने किंवा तांब्याच्या ब्रशने हलक्या हाताने खरवडावा, सँडपेपर लावू नये.

नळीवरच्या छापांचा अर्थ लावता आला तर अर्धी कुंडली तिथेच मिळते. इंग्लंडमधून भारतात आलेल्या बंदुकांवर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे मुकुटाचे ठसे असतात. अमेरिकन बंदूक इंग्लंडच्या बाजारातून आली असेल तर ‘नॉट इंग्लिश मेक’ असा ठसाही दिसतो. धूररहित दारूसाठी चाचणी झाली असेल तर नायट्रो प्रूफचा उल्लेख असतो. तो नसेल आणि बंदूक फार जुनी असेल तर ती झाडण्याचा विचार सोडून द्यावा. विंचेस्टरने १९०५ पासून स्वतःच्या चाचणीचा लंबगोलातला ठसा मारायला सुरुवात केली.

आता भरवशाचा प्रश्न, आणि इथला सर्वांत मोठा धोका काडतुसाच्या लांबीचा. काडतुसावर जी लांबी छापतात ती झाडल्यानंतर उघडलेल्या नळकांड्याची असते. ७० मिलिमीटर लिहिलेले काडतूस तोंड मिटलेले असताना साधारण ५८ मिलिमीटरच भरते. त्यामुळे ते ६५ मिलिमीटरच्या जुन्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या जागेत) सहज बसते, चेंबर मागून झाकणारा बोल्ट बंद होतो, आणि माणसाला वाटते जमले. झाडल्यावर मिटलेले तोंड उघडायला जागा नसते. ते चेंबरपुढच्या निमुळत्या भागात घुसते, छर्ऱ्याची वाट आवळते आणि दाब वाढतो. एका बारात बंदूक फुटेलच असे नाही. बहुतेकदा बोल्ट अडकवून धरणारे कुलूप सैल होत जाते, काडतूस बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरची नखे झिजतात, दस्ता रिसीव्हरमागे चिरतो, आणि मालक म्हणतो की जुनी झाली म्हणून बिघडली. १८९३ च्या १२ बोरचे चेंबर सुमारे ६७ मिलिमीटरचे होते. १६ बोरच्या १८९७ चे चेंबर १९३० च्या सुमारापर्यंत ६५ मिलिमीटरचे असे. १२ बोरची १८९७ बहुधा ७० मिलिमीटरची असते, पण ‘बहुधा’वर काडतूस भरू नये. गेज घालून मोजायला परवानाधारक कारागिराला पाच मिनिटे लागतात. ७६ मिलिमीटरचे मॅग्नम या कुठल्याच बंदुकीत घालायचे नाही. चेंबर कोरून लांब करण्याचा सल्लाही काही जण देतात. मला तो पटत नाही. त्या जागची भिंत पातळ होते, जुन्या चाचणीला अर्थ उरत नाही आणि मूळपणही जाते. आखूड काडतूस मिळत नसेल तर ती बंदूक जपून ठेवण्याची आहे असे समजावे.

तपासणीचा क्रम असा असावा. आधी चेंबर रिकामे आहे का ते डोळ्यांनी पाहून शिवाय बोट घालून पाहावे, आणि काडतुसांचा साठा ठेवायची खालची मॅगझीन नळीसुद्धा. दुनळी मधोमध उघडली की सगळे दिसते. पंपाच्या बंदुकीत मात्र चेंबर रिकामे असले तरी खालच्या नळीत वर्षानुवर्षे पडलेले काडतूस असू शकते आणि मूठ ओढली की ते वर येते. मग नळी खोलून प्रकाशाकडे धरून आतून पाहावी. आत अखंड गोल वलयासारखी सावली दिसली तर ती फुगवटी असते, नळीत अडथळा असताना कधीतरी बार झाल्याची खूण. अशी नळी झाडण्यातून बाद. ठिपक्याठिपक्यांचा गंज चेंबरजवळ खोल असेल तरी तेच. भिंतीवर टांगलेल्या बंदुकीत कुंभारीण माशी मातीचे घर करते, हा अडथळा आपल्याकडे फार आढळतो. म्हणून प्रत्येक वेळी गज फिरवल्याशिवाय नळीवर विश्वास ठेवू नये.

नंतर जोड. एका हातात रिसीव्हर, दुसऱ्यात नळी धरून पिळून पाहावे. खडखड जाणवली तर या जोडावरची समायोजनाची बाही एक-दोन दाते पुढे घेऊन कारागीर ती घट्ट करतो. बाही शेवटच्या दात्यावर पोहोचली असेल तर धागेच झिजले आहेत. मग कुलूप. बोल्ट बंद, घोडा चढलेला, आणि मोकळे करण्याचे बटण न दाबता मूठ मागे ओढावी. ती अजिबात सरकता कामा नये. सरकली तर बार होतानाच बंदूक उघडण्याची भीती आहे. यात एक बारकावा आहे, तो माहीत नसल्याने चांगल्या बंदुका ‘जाम’ म्हणून कारागिराकडे जातात. १८९७ मध्ये चाप ओढून घोडा पडल्यावर मूठ थेट मागे येत नाही, आधी केसभर पुढे ढकलावी लागते, मग कुलूप सुटते. खऱ्या बारात बंदुकीचा धक्काच हे काम करतो. काडतूस उशिरा पेटले तर बंदूक उघडी नसावी म्हणून ही योजना आहे. ती कोणी घासून ‘सोपी’ करून घेऊ नये.

काडतुसांची चाल डमी, म्हणजे दारू नसलेल्या नकली काडतुसांवर पाहावी, खऱ्यांवर कधीच नाही. पाच डमी भरून मूठ पूर्ण लांबीपर्यंत, एकदा जोरात आणि एकदा सावकाश ओढावी. एकाऐवजी दोन काडतुसे खाली सुटून अडकली तर एका वेळी एकच काडतूस सोडणारा कार्ट्रिज स्टॉप झिजला आहे. शेवटचे एक-दोन वर येईनात तर मॅगझीनची स्प्रिंग मेली आहे. हा सर्वांत स्वस्त बिघाड, नवी स्प्रिंग टाकली की संपला. रिकामे नळकांडे चेंबरमध्येच राहिले तर एक्स्ट्रॅक्टरचे नख बोथट झाले आहे किंवा चेंबर खरबरीत आहे, आणि दोन्हींत फरक करायला नख भिंगाखाली पाहावे लागते. पुष्कळदा यातले काहीच नसते, माणूस मूठ अर्धवट ओढतो एवढेच. पंपाची बंदूक हळुवारपणा सहन करत नाही.

चाप आणि घोडा यांचा मुद्दा जिवाचा आहे. १८९७, मॉडेल १२ आणि जुन्या इथाका ३७ मध्ये आजच्या बंदुकांसारखा, मूठ चालवताना चापाचा संबंध तोडणारा भाग नाही. चाप दाबलेलाच ठेवून मूठ पुढे ढकलली तर बोल्ट बंद होताच बार होतो. नव्या बंदुकीची सवय असलेल्या माणसाच्या हातात ही बंदूक दिली आणि बोट चापावर राहिले, तर नको तिथे बार उडतो. शिवाय १८९७ ला वेगळी सेफ्टी नाही, घोडा अर्धा चढवून ठेवणे हीच सेफ्टी. ती खाच झिजली असेल तर जमिनीवर पडल्यावर घोडा सुटू शकतो. ही खाच कानशीने दुरुस्त होत नाही, भाग बदलावा लागतो. लग्नाच्या वरातीत, मिरवणुकीत बार काढण्याचा शौक २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. असल्या बंदुकीने तो करणे म्हणजे पाहुण्यांच्या जिवाशी खेळ.

देखभालीत सोलापूरच्या हवेचा विचार हवा. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात दस्ता आकसतो आणि स्क्रूभोवती चिरतो. त्याला जवसाच्या तेलाचे दोन-चार थेंब तळहाताने चोळून मुरवावेत, थर राहू देऊ नये. धातूला मात्र जवस किंवा करडई नको. ही तेले हवेत सुकून चिकट होतात आणि बोल्ट, काडतूस वर उचलणारा लिफ्टर, स्प्रिंगा आखडतात. खोबरेल थंडीत गोठते. शिलाई मशिनचे पातळ तेल फडक्याने पुसटसे लावले की पुरे. दस्ता खाली करून बंदूक उभी ठेवली तर जादा तेल ओघळून लाकडात मुरते आणि ते मऊ पडते, म्हणून तेल कमी, किंवा काही दिवस तोंड खाली. चामड्याच्या गवसणीत पावसाळाभर बंदूक ठेवू नये, चामडे ओल धरते. खंडेनवमीची पूजा मनोभावे करावी, पण ओले हळदकुंकू आणि गंध धातूवर लावण्याऐवजी दस्त्यावर सुपारी-फूल ठेवावे, आणि धातूला लागलेच तर त्याच संध्याकाळी पुसून तेल द्यावे. जुन्या साठ्यातली कागदी काडतुसे झाडू नयेत. ओलीने फुगून ती चेंबरमध्ये अडकतात, आणि काडतूस पेटवणाऱ्या जुन्या टोप्यांच्या स्फोटक मिश्रणाचे क्षार नळीत राहून गंज खातात. ते क्षार तेलाने जात नाहीत, गरम पाण्याने धुऊन, कोरडे करून मग तेल द्यावे लागते.

वारसांसाठी थोडेसे. परवानाधारक वारला की बंदूक घरात ठेवण्याचा हक्क संपतो. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी आणि शस्त्र नियम २०१६ च्या नियम २५ प्रमाणे वारसाने अर्ज करावा. शहरातल्यांनी पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागातल्यांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे. मूळ धारकाने हयातीतच, वयाची ७० वर्षे झाल्यावर किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर, वारसाच्या नावे करता येते. हा मार्ग कितीतरी सोपा आणि तो वापरणारे फार थोडे. परवानाधारकाने दुसऱ्या परवानाधारकाला विकायची तर किमान ४५ दिवस आधी लेखी कळवावे लागते. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे तिथल्या परवानाधारकांची नोंद वन खात्याकडे लागते, आणि नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय मिळत नाही.

निवडणुकीत शस्त्रे जमा करायची नोटीस आली की घाईने गवसणीसकट बंदूक नेऊन देतात आणि दोन-तीन महिन्यांनी गंजलेली परत आणतात. जमा करण्याच्या आदल्या दिवशी नळी कोरडी करून आत-बाहेर तेलाचा हात फिरवावा, गवसणी घरी ठेवून सुती कापडात सैल गुंडाळावी, घोडा उतरवलेला असावा. क्रमांक, नळीची लांबी आणि दस्त्यावरच्या चिरा पावतीवर लिहून घ्याव्यात, आणि परत घेताना त्या पावतीशी ताडून पाहूनच सही करावी.

आपला,
शस्त्रदुरुस्तीचे काम जाणणारा एक वाचक, सोलापूर
(नाव छापू नये ही विनंती)